दम धरा, बाई

आमच्या सासूबाईंचं एक ठरलेलं वाक्य आहे, "सांगितलं नव्हतं मी?" दूध उतू गेलं, छत्री हरवली, कुणाच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, काहीही होवो, वाक्य तयार. त्यांनी आधी खरंच सांगितलेलं असतं का? तर असतं. वैताग त्याचाच येतो. सासरे होते तोवर ते वाक्य बहुतेक त्यांच्याच वाट्याला यायचं. ते नुसतं हूं म्हणायचे, चहाचा कप उचलायचे आणि गच्चीवर निघून जायचे.

गच्चीवर बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, जास्वंदी होत्या. आहेत अजून. बाबा त्यांची लग्नं जुळवायचे. सकाळी एका फुलातले पराग बारीक ब्रशवर घ्यायचे, दुसऱ्या फुलाच्या मधल्या तुऱ्याच्या टोकाला लावायचे आणि देठाला खुणेचा दोरा बांधायचे. बहुतेक लग्नं मोडायची. शेवटचं जमलं ते लाल जास्वंदीचं आणि पिवळीचं. बोंड धरलं, पिकलं, त्यातल्या दोन बिया रुजल्या. बाबा म्हणाले, फूल पिवळं येणार आणि मधोमध लाल डोळा असणार. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "कशाला हवेत इमले बांधता? आईवर जाणार ते. लाल येणार, साधं लाल." झालं, पैज लागली. हरेल त्याने सगळ्यांसमोर म्हणायचं, 'तुझं खरं'. बाबांनी हे दोन शब्द संसारात कधी उच्चारले नव्हते. हूंवर भागवलं होतं सगळं.

रोपांना चार-चार पानं फुटली आणि बाबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

त्यानंतर सासूबाई लेकीकडे राहायला गेल्या, हवापालट म्हणून, आणि तिथे न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पट्टी बसवली, टाके सुकले, पण बाई काही उठेनात. माझी नणंद माझ्याहून लहान, घरात तिला सगळे धाकटी म्हणतात. तिचा फोन आला तेव्हा ती रडकुंडीला आली होती.

"वहिनी, डॉक्टर म्हणतात, आत्ता पायावर उभी राहिली नाही तर पुढे कधीच उभी राहणार नाही. आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलीय. वॉकर आणलाय, त्याच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतोय."

"मग त्यांना हवंय तरी काय?"

"बाबांचं फूल बघायचंय म्हणते. एवढं एकच बोलते."

म्हणजे सगळं माझ्या गळ्यात. नवरा फिरतीच्या नोकरीत, निम्मा महिना बाहेर. व्हिडिओ कॉल करून बघितला, तर धाकटीच्या घरात नेटवर्कची बोंब. चित्राचे चौकोन चौकोन होतात आणि चौकोन जागीच गोठतात. राहिला फोटो. आणि फोटो काढायचा कुणी, तर मी.

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासूनच. भाजी निवडतानासुद्धा माझा एक पाय हलत असतो. नोकरीही तशीच मिळाली, कुरिअरच्या कचेरीत. सकाळी पार्सलांचा ढीग येतो, मी पत्ते बघून ते भागांप्रमाणे लावते, आणि माणसं कमी पडली की स्वतःच दुचाकीवर टाकून पोचवून येते. दारात पार्सल ठेवायचं, फोनने फोटो काढायचा, पोचल्याचा पुरावा म्हणून वर पाठवायचा, की पुढचं दार. माझ्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत आणि ते सगळे खोक्यांचे.

तर दोन रोपांपैकी एकाला कळी आली. दुसरं अजून गुडघ्याएवढंच होतं, नुसती पानं. ती कळी उमलेपर्यंत सराव करावा म्हणून मी गच्चीवरच्या बाकीच्या फुलांचे फोटो काढून पाठवायला लागले. सासूबाईंची उत्तरं धाकटी लिहून पाठवायची. पहिल्या फोटोला, "हा टोमॅटो कुणी आणला?" दुसऱ्याला, "चपला छान आल्यात, नवीन का?" तिसऱ्याला काहीच नाही. मग धाकटीचाच निरोप, "वहिनी, ती म्हणते, हे बघण्यापेक्षा भिंत बरी."

मला राग आला. तरी बरं, राग आला की माझे हात चालतात. फोटोत मागे पाण्याची टाकी येते म्हणून मी ती कळीवाली कुंडी उचलून कठड्याजवळ नेली. तिथे ऊन फार म्हणून सावलीत आणली. सावलीत अंधार म्हणून परत कठड्यापाशी. तिसऱ्या दिवशी कळी पिवळी पडली आणि गळून मातीत पडली. जास्वंद अशीच असते, तिला जागा बदललेली खपत नाही. फोनवर सांगितलं तर पलीकडून वाक्य आलंच, बारीक आवाजात, पण आलं. "कुंडी हलवू नकोस, सांगितलं नव्हतं मी?"

त्याच आठवड्यात दुसरी कळी दिसली, त्याच फांदीवर, वाटाण्याएवढी. मी हात जोडले आणि कुंडीच्या आसपासही फिरकायचं नाही असं ठरवलं. कळी गळली तर? उमलली आणि फोटो बिघडला तर? जास्वंदीचं फूल एका दिवसाचं, संध्याकाळी मिटून जातं. तोवर आमच्या सासूबाईंचा पाय काय थांबणार आहे? कचेरीत मी एका भागाची पार्सलं दुसऱ्या भागात टाकली. साहेबांनी ती माझ्या पुढ्यात परत आणून ठेवली.

आमच्या कचेरीच्या गल्लीत एक फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे, ओळखपत्राचे फोटो काढणारा एक मनुष्य तिथे दिवसभर पडद्यासमोर स्टूल ठेवून बसलेला असतो. दर्शनी काचेत त्याने गंभीर चेहऱ्यांच्या ओळी लावल्यात आणि मध्येच कुठेतरी एक फूल, एक पान, पानावरचा एक थेंब. ते असे की जाता-जाता पाय थबकावा. माझासुद्धा थबकला. जेवणाच्या सुट्टीत मी आत शिरले आणि फोन त्याच्यापुढे धरला.

तो माणूस म्हणजे निवांतपणाचा कळस. आधी चष्मा शोधला. मग चष्म्याचं फडकं. त्याच फडक्याने माझ्या फोनची काच पुसली, म्हणाला, "यावर तेलाचा थर आहे, बाई. फुलाचा काय दोष?" मग एकेक फोटो बघत गेला. मी दारापाशी येरझाऱ्या घालत होते.

"या फोटोंत फूल असल्याचा पुरावा आहे," शेवटी तो म्हणाला. "फूल नाही."

माझी कानशिलं तापली, पण खोटं काय होतं त्यात? खोकी काढायची तशीच मी फुलं काढली होती. वरून, मधोमध, एक टिचकी आणि चल पुढे.

त्याने पडद्याच्या मागून प्लॅस्टिकचं फूल आणलं आणि स्टुलावर ठेवलं. म्हणाला, माणसाचा फोटो टाळूवरून काढतात का? मग फुलाचा कशाला काढता, त्याच्या उंचीला या, गुडघे टेका. फोन नाकाला लावू नका, चाळिशी लागलेल्या माणसासारखं असतं त्याचं, फार जवळचं दिसत नाही, वीतभर लांब धरा. काय स्पष्ट हवंय ते आधी ठरवा, तुरा हवा असेल तर काचेवर तुऱ्यावर बोट टेकवा. फुलाच्या मागे काय आहे ते फुलाच्या आधी बघा, आणि नको असेल तर आपण सरका, कुंडीला सरकवू नका.

"हे गेल्या आठवड्यात सांगायला हवं होतं," मी म्हणाले.

"तुम्ही आज आलात," तो म्हणाला. मग सांगितलं, डोक्यावरच्या उन्हात काढू नका, रंगाची नुसती थाप होते, शिरा दिसत नाहीत. सकाळी लवकर, सावलीचा उजेड. पांढरा कागद फुलाखाली तिरका धरलात तर फुलाच्या गळ्यात उजेड जाईल.

मी गुडघे टेकले, बोट टेकवलं, फोटो काढला. हललेला. पुन्हा काढला. हललेला.

"दम धरा, बाई," तो म्हणाला.

मी पटापट तीन-चार काढले. सगळे हललेले.

"दम धरा."

"धरलाय."

"नाही धरलेला. दिसतंय ना मला. दम धरा."

माझं टाळकंच सटकलं. आईने सांगितलं, दम धर. शाळेत बाईंनी सांगितलं, दम धर. लग्न ठरत नव्हतं तेव्हा सगळ्या गोतावळ्याने सांगितलं आणि लग्न झाल्यावर सासूने. आता हा उपरा माणूसही तेच सांगणार? मी त्याला म्हटलं, "अहो, तिकडे एक बाई फुलापायी अंथरुणाला खिळत चाललीय आणि तुम्ही मला धीर शिकवताय? तुम्हाला स्टुलावर बसून बोलायला काय जातं?" तो काहीतरी सांगायला गेला, पण मी ऐकून घ्यायला थांबले नाही. पर्ससुद्धा विसरले होते. ती घ्यायला परत गेले, तेव्हा तर त्याच्याकडे बघितलंही नाही.

कळी वाढत गेली, लांबट झाली, टोकाला पिळा पडला. टोकाशी रंग दिसायला लागला होता, पण हिरव्या झाकणातून तो काय आहे ते कळेना. नारिंगीसारखा वाटे. नारिंगी म्हणजे कुणाची बाजू? बोटाने जरा उकलून बघावं असं इतकं वाटलं की मी दोन्ही हात पदरात गुंडाळून खाली आले.

आणि एका सकाळी, चहा ठेवता ठेवता, उगाच आतून वाटलं, आजच. गॅस बंद केला आणि चार जिने धावत चढले.

फूल उमललं होतं. लाल.

लाल म्हणजे साधं लाल. डोळा नाही, पिवळ्याचा पुसटसा ठिपकाही नाही. आईवर गेलेलं, वाटेवरच्या कुठल्याही कुंपणावर दिसेल असं. मला रडू आलं. मी स्वतःलाही पत्ता लागू न देता बाबांच्या बाजूने होते, हे तेव्हा मला कळलं. मी त्या फुलाकडे बघून म्हटलं, "मेल्या, जरा तरी बाजू राखायचीस त्यांची." पण फोटो तर काढायलाच हवा होता. ऊन अजून गच्चीवर आलं नव्हतं.

गुडघे टेकले. फडक्याने काच पुसली. मागे टाकी येत होती, म्हणून मीच सरकले, मागे नुसती पानं आली. एका हाताने पांढरा कागद धरला, तुऱ्यावर बोट टेकवलं. काचेवर फूल स्वच्छ दिसलं, आणि लगेच वर गेलं. मग खाली आलं. मग वर. वाऱ्याचं नाव नव्हतं. फांदी स्थिर, पान स्थिर, आणि फोनमधलं फूल मात्र वर-खाली, वर-खाली. मी बघतच राहिले. जिने धावत चढले होते, मला धाप लागली होती. छाती हलत होती तसा हात हलत होता, हात हलत होता तसं फूल.

दम धरा, बाई.

अरे देवा. धीर नव्हता शिकवत तो. तो श्वासाबद्दल बोलत होता. श्वास रोखा, म्हणजे फोन हलणार नाही, एवढं साधं. आणि मी त्या गरिबाला त्याच्याच दुकानात आडवातिडवा झोडपून आले होते. मला हसू फुटलं, आणि हसण्याने फूल आणखीच हललं.

मग कोपर कुंडीच्या काठावर टेकवलं, श्वास आत घेतला, अर्धा सोडला आणि उरलेला धरला. छातीत ठोके ऐकू आले. तेवढ्यात बोट टेकवलं.

तो फोटो काय आला म्हणून सांगू. पाकळीवरच्या शिरा, कडेची मुरड, तुऱ्यावरचा एकेक परागकण मोजून घ्यावा. वाईट इतकंच की रंगही तितकाच खरा आला होता.

कचेरीला जाताना स्टुडिओत गेले. आधी म्हटलं, "चुकले. मला वाटलं, तुम्ही मला दम धर म्हणताय."

"तेच म्हणत होतो," तो म्हणाला.

"हो, पण तो दम नाही." आणि फोनच पुढे केला. त्याने चष्मा शोधला, बघितलं, आणि कितीतरी वेळ बघतच राहिला. मग मी त्याला सगळं सांगितलं, पैज, बाबा, लाल आणि पिवळं. तो म्हणाला, "एवढंच ना?" आणि बोट काचेवरून जरासं सरकवलं. पाकळ्या पिवळ्या झाल्या. अजून कुठेतरी दाबलं, आणि मधोमध लाल डोळा उमटला. अगदी बाबा सांगायचे तसा.

"दोन्ही ठेवलेत," तो म्हणाला. "कुठला पाठवायचा ते तुमचं तुम्ही बघा."

कचेरीच्या पायरीवर बसले. मी, आणि बसले. पिवळ्यावर अंगठा ठेवला होता. पाठवला की आई डोळे पुसतील, म्हणतील, जिंकले गं ते. हरतील आणि उठतील. बाबा वर बसून हूं म्हणतील. कुणाचं काय बिघडत होतं? माझा अंगठा आयुष्यात कधी थांबला नाही, पण तिथे थांबला. मनात आलं, आई परत आल्यावर गच्चीवर गेल्या आणि झाडावर लाल फूल दिसलं तर? आणि लगेच दुसरं आलं, की त्या कशाला येतात आता गच्चीवर. चार जिने आहेत.

हे मनात आलं आणि मी अंगठा उचलला. म्हणजे पिवळा फोटो पाठवायचा तर त्या घरी येणारच नाहीत, असं मी धरून चालले होते. तिथेच, त्या भिंतीकडे तोंड करून, माझ्या खोट्या फुलाकडे बघत पडून राहणार. मी पिवळा पुसून टाकला आणि लाल पाठवला.

फोन लगेच आला. धाकटीचा नंबर, पण बोलणाऱ्या आई.

"मिळाला," त्या म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

फोनवर कुणी गप्प बसलं की मी जीव गेल्यासारखी बडबडते. त्या दिवशी नाही बडबडले. सकाळचीच युक्ती, अर्धा श्वास सोडला आणि उरलेला धरून ठेवला. आतून साहेब हाका मारत होते. मारू देत.

"लालच आहे," आई म्हणाल्या.

"हो."

"साधं लाल. सांगितलं नव्हतं..." आणि ते वाक्य अर्ध्यावरच तुटलं. या घरात आल्यापासून मी ते अपुरं राहिलेलं कधी ऐकलं नव्हतं. "मी जिंकले गं," त्या म्हणाल्या. "आता 'तुझं खरं' म्हणणार कोण?"

बाबा गेले तेव्हा ही बाई रडली नव्हती. तेव्हा पाहुण्यांची अंथरुणं मोजत होती. आता रडत होती, आणि माझ्याही डोळ्यांचं पाणी खळेना.

"बाबांच्या वतीने मी म्हणते," मी म्हटलं. "आई, तुमचं खरं."

"तुझं काय घेऊन बसलीस? तू लावली होतीस का पैज?"

"नव्हती लावली. आता लावते. दुसरं रोप आहे ना, त्याच बोंडातलं. त्याला पिवळं येणार. मधोमध लाल डोळा."

नाक ओढल्याचा आवाज आला. "तेही लालच येणार."

"पिवळं."

"कळी तरी आहे का त्याला?"

"नाही अजून."

"मग वर्ष घेईल. दूध तापेपर्यंत तुला ओट्याशी उभं राहवत नाही. एवढा दम आहे का तुझ्यात?"

"आहे."

"आणि आलं की तू परस्पर रंग बदलून फोटो पाठवशील. आजकाल फोनवर सगळं करता येतं. मला माहीत आहे."

मी जीभ चावली. या बाईला कसं कळतं, देव जाणे.

"फोटोवर पैज नाही हं," त्या म्हणाल्या. "मी माझ्या डोळ्यांनी बघणार. तिथे, गच्चीवर येऊन."

"चार जिने आहेत, आई."

"मला सांगतेस?" मग आवाज फोनपासून लांब गेला, पण चढला. "अगं ए, तो टॉवेल काढ त्याच्यावरून. हो, आत्ताच. आण इकडे."

खाटेची करकर ऐकू आली. धाकटी काहीतरी बोलली, तिला गप्प बस म्हटलेलं ऐकू आलं. मग खट. वॉकरचा पाय फरशीवर टेकला होता. त्यानंतर किती तरी वेळ काहीच नाही. मी फोन कानाशी घट्ट धरला आणि दम धरला.

मग दुसरं खट.